बुडाची दीड ओळ

६ ऑक्टोबर १९९७, सोमवार

आज दुकानावर नवी पाटी लागली. 'जुनं पितळ द्या, नवं स्टील न्या.' खाली बारीक अक्षरांत, 'भांड्यांवर नाव टाकून मिळेल.' पेंटरने 'नाव'मधला न असा काढलाय की लांबून 'भाव' वाचावं. संध्याकाळी हे ओझरच्या कारखान्यातून आले, पाटीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे." या माणसाला उद्या मोडीत काढलं तरी तो "छान आहे" म्हणेल.

माळ्याची लेक भाजी-फुलं सोडून भांड्यांत कशाला शिरली, हे सासरी विचारून झालं, माहेरी विचारून झालं. मी सगळ्यांना एकच सांगते: मेथी संध्याकाळपर्यंत सुकते, पितळ सुकत नाही.

या धंद्यात एकच गोष्ट जड जाते. मोडीत येणाऱ्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव असतं. 'चि. सौ. कां. मालन हिस मामांकडून.' सुरुवातीला मी वाचत बसायचे. मालन कुठे असेल, तिने हा तांब्या का विकला, आणि काट्यावरचं वजन बघायचंच राहून जायचं. मग नियमच केला, नाव वाचायचं नाही. नावाची बाजू भिंतीकडे करायची आणि भांडं काट्यावर ठेवायचं. तेव्हापासून धंदा सुटसुटीत झालाय.

आग्रा रोडवर नवं हॉटेल उभं राहतंय. तिथल्या शेठना दारात मांडायला मोठी, जुनी, गावाकडची पातेली हवीत. दिवाळीच्या आत दिली तर पुढचं सगळं काम माझंच म्हणाले. पण शंभर माणसांचा भात होईल असली पातेली आता कुणाच्या घरात असतात? घरात नसतातच.

रात्री माहेरी समाधानला फोन केला, सहज. हॉटेलचं बोलणं निघालं.

११ ऑक्टोबर, दसरा

समाधान सिन्नरजवळच्या आमच्या गावाहून टेम्पो घेऊन सकाळीच हजर. सोनं द्यायला वाकला, मी म्हटलं, औक्षवंत हो. माझा धाकटा भाऊ आहे, पण आता माझ्यापेक्षा हातभर उंच.

त्याला मंडपाचा धंदा काढायचाय. खुर्च्या, सतरंज्या, आणि भाड्याने द्यायला जर्मनची पातेली. गावात अजून अल्युमिनियम म्हटलं तर कुणाला कळत नाही, जर्मनच म्हणतात. पैसे नाहीत, म्हणून बदल्यात पितळ आणलं. तीन मोठी पातेली, एक परात. ताडपत्रीखाली.

"कुठून आणलंस?" एवढं विचारलं मी.

"जुनं हाय गं ताई. नुसतं पडून व्हतं. कोन वापरत नाय."

सणाच्या दिवशी भावाची उलटतपासणी करायची का? केली नाही. त्याने जर्मनची सात पातेली निवडली, पुरणपोळी खाल्ली आणि गेला. पितळ मागच्या अंगणात उतरवून घेतलं. काजळीने इतकं काळं की कुणाचंही असू शकेल. मोठ्या पातेल्याला एका कडीखाली पोचा आहे. पोचे तर सगळ्याच पातेल्यांना असतात.

१५ ऑक्टोबर

अंगणात दिवसभर चिंचेचं पाणी आणि विटकरीची भुकटी. हात अजून आंबट लागतात. काजळी निघाली तशी पातेली अशी काही उजळली की शेजारचे बघायला आले.

दुपारी पॉलिशवाला आला. दोन पातेल्यांच्या काठांवर आणि परातीवर नावं होती. घे घासून, म्हटलं. मोठ्याच्या काठावर काही नव्हतं. त्याला सांगितलं, बुडाची ती दीड ओळ आधी घे, मग बाकीचं. त्याने मशीन लावलं. पितळेचा बारीक भुगा उडून माझ्या साडीवर बसला. तो झटकला तरी पूर्ण जात नाही.

नियमाप्रमाणे मी काही वाचलं नाही.

२७ ऑक्टोबर

माल हॉटेलवर पोचला. शेठ खूश. मोठं पातेलं बरोबर दरवाज्याशी, त्यात ताडाचं झाड लावणार. त्यांचा माळी म्हणाला, पाणी साचून मूळ कुजेल. मीच म्हटलं, मग बुडाला भोक पाडा की. लगेच ड्रिल आलं. आपल्या डोक्याचं मला कौतुकच वाटलं तेव्हा.

येताना गोदावरीच्या पुलावर रिक्षा अडकली आणि उगाच आठवलं, माझ्या लग्नातला भात कशात शिजला होता. लगेच दुसरा विचार केला. दिवाळीचा माल भरायचाय.

१ नोव्हेंबर, भाऊबीज

समाधानला ओवाळलं. त्याने साडी आणली, अंजिरी. त्याची सोयरीक जवळजवळ ठरलीय, मुलगी सिन्नरचीच. दोघं खूप हसलो. पातेल्यांचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहिताना कान तापताहेत.

दुपारी माहेरचे चिमातात्या आणि अंबूआत्या दुकानात. तात्यांच्या नातीचं लग्न फेब्रुवारीत, तिच्या संसाराची भांडी घ्यायला एवढ्या लांब माझ्याकडे आले. का, तर आपल्या गावची लेक आहे. सिन्नरला दहा दुकानं असताना. मी चहा मागवला, ढोकळा मागवला. आत्यांनी दुकानभर फिरून प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघितलं.

मग तात्या म्हणाले, "सुवर्णा, तू ह्या धंद्यात हाय म्हनून सांगतो. गावची भांडी गेली."

"कुठली?" मी विचारलं. कुठली! जशी गावाला भांड्यांच्या पन्नास कोठ्या आहेत.

"लग्नाची गं. मारुतीच्या मागच्या कोठीतली. समाधानकडंच किल्ली हाय, त्यो म्हनतो कुलूप जसंच्या तसं व्हतं. तुझ्याकडं कोनी मोडीला आनली तर नजर ठेव बाई."

अंबूआत्या म्हणाल्या, "तुझ्या लग्नाचा भात त्याच पातेल्यात रांधला मी. तुला आठवत नसंल. नवरीला काय आठवतं?"

मी म्हटलं, "ठेवते नजर."

जाताना आत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. कडाकडा मोडली. लेकीवर लय जीव असला की मोडतात म्हणे.

१० डिसेंबर

फुटलं. गावातला एकजण त्या हॉटेलला भाजी टाकतो. दारातलं पातेलं त्याने पोच्यावरून ओळखलं. हा पोचा बैलगाडी कलंडली तेव्हाचा, गावात सगळ्यांना ठाऊक. शेठने सरळ माझ्या दुकानाचं नाव सांगितलं.

यांना सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, समाधानने आणली आणि मी घेतली इतकं. हे बराच वेळ पायातले मोजे हातात घेऊन बसले. "छान आहे" म्हणाले नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कोर्टासमोर जेजुरकर वकीलबाईंकडे गेले. शुभांगी नाव, वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं एकदम स्वच्छ. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला आत्ता देऊ नका. भांडी गावची आहेत हे घेताना तुम्हाला ठाऊक होतं का? आधी ऐका, मग ठरवा."

मग समजावलं. जे ज्याचं नाही ते त्याला विकता येत नाही. भावाची मालकी नव्हती, म्हणून माझी झाली नाही, म्हणून शेठचीही नाही, त्यांनी कितीही रोख मोजले असोत. आता साखळी उलटी फिरवायची. शेठने पातेली द्यायची, मी शेठचं नुकसान भरायचं, भावाने जर्मनची पातेली मला द्यायची. "दुसऱ्याच्या नुकसानीवर आपण फुगायचं नाही, एवढाच कायदा आहे. जो जिथे होता त्याला तिथे नेऊन ठेवायचं. होतं तसं. आणि तसं करता येत नसेल तर भरपाई."

"आणि भोक?" मी विचारलं.

"कसलं भोक?"

सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

"परत द्यायचं ते तुम्हाला उत्तर काहीही असलं तरी द्यावंच लागेल," त्या म्हणाल्या. "प्रश्न फक्त त्या एका उत्तराचा. नकळत घेतली असतील तर तुम्ही फसलेल्या दुकानदार. ठाऊक असून घेतली असतील तर चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा. तिथे भावाच्या शेजारी तुम्ही."

रिक्षात बसल्यावर मी उत्तर पाठ केलं. मला ठाऊक नव्हतं. नियमच आहे माझा, नावं वाचत नाही मी.

१४ डिसेंबर, रविवार

मारुतीच्या पारावर सगळा गाव. मी डोक्यावरून पदर घेऊन. समाधान खांबाला टेकून.

तात्यांनी विचारलं, "पोरी, तुला ठावं व्हतं का?"

मी तोंड उघडायच्या आत समाधान बोलला. "ताईला काय बी ठावं नवतं. मी खोटं सांगितलं तिला. सिन्नरच्या मोडवाल्याकडून घेतली म्हनून."

असं तो कधीच म्हणाला नव्हता. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आता फक्त मला बोलायचं होतं. आणि मी म्हटलं, "नावं वाचत नाही मी, तात्या. नियमच आहे."

गावाने ठरवलं, पोलिसात जायचं नाही, पण लग्नाआधी भांडी होती तशी कोठीत आली पाहिजेत, नावांसकट. समाधानकडची किल्ली काढून घेतली. गर्दीत कुणीतरी त्याला चोर म्हणालं, हळू नाही, चांगलं ऐकू जाईल असं.

मला मात्र अंबूआत्या घरी घेऊन गेल्या. पाटावर बसवलं, ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. शेजारणीला सांगत होत्या, "गरीब गाय आमची. सख्ख्या भावानं फशिवली."

ती ओटी मी घरी आणलीय. नारळ देवापाशी ठेवायचं धाडस होत नाही, फोडायचंही नाही. फळीवर डाळीच्या डब्यामागे ठेवलाय.

२२ डिसेंबर

शेठ तासभर ओरडले. "मी पैसे देऊन घेतलंय, मी का सोसू?" बरोबरच आहे त्यांचं, मी तरी दुसरं काय म्हणाले असते? त्यांना बदली नवी पातेली द्यायची ठरली आणि त्यांचं पुढचं काम गेलं. ताडाचं झाड मी स्वतः उपटून काढलं. मुळं भोकातून बाहेर आली होती.

११ जानेवारी १९९८

भांडी बाजारात जाऊन पातेल्याला ठिगळ लावून घेतलं. डाक दिला, कल्हई केली. आतून कळत नाही. बाहेरून बोट फिरवलं की कळतं. मी सारखं फिरवून बघते.

समाधानने जर्मनची पातेली आणून दुकानापुढे उतरवली आणि तसाच गेला. सोयरीक मोडली म्हणे. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, चोराच्या घरात पोर देत नाही. हे मला त्याने नाही, चिमातात्यांनी फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "तू मनाला लावून घिऊ नको, तुझा काय दोष?"

यांनी जेवताना एकदाच विचारलं, "सुवर्णा, खरंच वाचलं नव्हतंस?" मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का? हे म्हणाले, नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच गावाहून आले. साडीसुद्धा बदलली नाही. आधी लिहून टाकते, नाहीतर उद्यापर्यंत मी यातही फिरवाफिरव करीन. माझं मला आता कळायला लागलंय.

नावं टाकायचं मशीन पिशवीत घालून नेलं होतं. दुकानात मीच चालवते ते, अक्षर चांगलं आहे माझं. देवळातून वायर ओढली. पाराखाली आमटी-भाताची चूल पेटलेली, भांडी परत आली म्हणून गावजेवण. पोरंटोरं पातेल्यात तोंडं बघत होती. समाधान लांब, आडापाशी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, हाकललंही नव्हतं.

पहिल्या पातेल्याचं नाव देणाऱ्याच्या नातवाने सांगितलं, दुसऱ्याचं सुनेने. परातीचं तर तीन जणांनी एकदम सांगितलं आणि आडनावावरून भांडले. ज्याचं त्याला पाठ. मी टाकत गेले. मग मोठं पातेलं उलटं केलं.

"ह्याच्यावर काय व्हतं?" तात्यांनी विचारलं.

कुणालाच येईना. कुणी म्हणालं, ह्याच्यावर काही नव्हतंच. तात्या म्हणाले, "मग राहू दे. कोरंच बरं."

तेव्हा अंबूआत्या म्हणाल्या, "व्हतं. एक बाई व्हती, हितं आडाच्या कडंला ऱ्हायची. रांडमुंड, पोर ना बाळ. हातातल्या पाटल्या मोडून दिलं तिनं पातेलं. काठावर नाव नको म्हनली, लोकांच्या नजरंत येतं. बुडाला घाला. मी पोर व्हते. पर नाव? सगळी धाकली म्हनायची तिला. काजळीखाली गेलं ते कुनी परत बघितलंच नाय."

"मग कोन सांगनार?" तात्या म्हणाले. "घर बी राह्यलं नाय तिचं. पोरी, ठेव मशीन."

ठेवायचं होतं फक्त. बटण बंद करायचं, वायर गुंडाळायची, आमटी-भात खायचा आणि ओटी घेऊन घरी यायचं. कोरं पातेलं कुणाला काही सांगणार नव्हतं. कुणाचा नातू नाही, सून नाही, भांडायला कुणी नाही. तिचं नाव जगात एकाच ठिकाणी होतं आणि तिथून मी ते पॉलिशवाल्याला दाखवून पुसलं होतं. आता ते फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि डोक्यातून जात नव्हतं. ऑक्टोबरपासून एक दिवस नाही गेलं.

मी मशीन लावलं. ठिगळावरच लावलं, कारण होतं ते तिथेच होतं. पहिलं अक्षर वाकडं आलंय. कुणी काही सांगत नसताना मी काय लिहितेय, म्हणून एकेक जण जवळ आला. संपल्यावर अंबूआत्या म्हणाल्या, "वाच रे चिमा. काय लिव्हलं तिनं?"

तात्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "सगुणाबाई भ्रतार बहिरू यांजकडून गावास."

"सगुना," आत्या म्हणाल्या. "व्हय. सगुनाच." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काजळीखालचं तुला कसं ठावं?"

"वाचलं होतं, आत्या."

"कवा?"

"घासायच्या आधी."

तात्या अजून बुडाकडेच बघत होते. शेवटचा शब्द त्यांनी बोटाने पुन्हा वाचला. "गावास," म्हणाले. "गावास आसं लिव्हल्यालं वाचलं आन् मग घासलं?"

"हो," मी म्हटलं. "आणि भोकही मीच पाडायला सांगितलं. समाधान मला मोडवाल्याचं काही बोलला नव्हता. मी विचारलंच नाही, मला ठाऊक होतं म्हणून. हॉटेलचंही मीच त्याला सांगितलं होतं."

 कुणी शिव्या दिल्या असत्या तर उभं राहायला तेवढा तरी आधार झाला असता. आडापाशी समाधान खाली बसला होता, दोन्ही हातांत डोकं धरून. मी मशीन पिशवीत घालत होते, वायर गुंडाळली जाईना. अंबूआत्या जवळ आल्या. वाटलं, आता मारतील. मारावं असं वाटत होतं.

त्यांनी पातेल्याच्या बुडावरून हात फिरवला. वाचता येत नाही त्यांना.

"अक्षर बरं हाय तुझं," म्हणाल्या. "आता जा. पंगतीला थांबू नको."

माहेरवाशिणीला पंगतीतून परत पाठवलेलं मी आमच्या गावात कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही. रस्त्याला लागेपर्यंत भाताचा वास येत होता. जीप मिळायला वेळ लागला, तोवर मी गावाकडे पाठ करून उभी होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल चिमातात्यांच्या नातीचं लग्न झालं. आम्हाला पत्रिका नव्हती. हे कामावर गेलेच नाहीत, दिवसभर दुकानात माझ्याबरोबर बसून राहिले, गिऱ्हाइकांना स्टीलच्या डब्यांचे चुकीचे भाव सांगत. मी दुरुस्त केले नाहीत.

आज सकाळी समाधान आला. डिसेंबरपासून पहिल्यांदा. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"अंबूआत्यानी सांगायला लावलं," तो म्हणाला. "पातेलं गळलं नाय. तीनदा भात काढला. थेंब नाय गळला."

"अजून काही म्हणाल्या?"

"नाय. एवढंच."

गावात लग्न झालं की लेकींना डबा जातो. भात, बुंदी, कधी नुसती आमटी, पण जातो, नाशिकला असो की मुंबईला. बोलता बोलता माझी नजर त्याच्या हाताकडे गेली, एकदा उजव्या, एकदा डाव्या. रिकामे होते. मी काय शोधतेय ते त्याला कळलं, आणि कळल्यावर त्याने दोन्ही हात खिशात घातले.